पंधरा वर्षांच्या मुलाला व्यावसायिक पिचर व्हायचे असेल, तर पालकांनी नेमका कशाचा विचार करावा?

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या, मूळच्या नाशिकच्या एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा पंधरा वर्षांचा असून बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, आहे आणि उजव्या हाताने ताशी ८१ मैल वेगाने चेंडू टाकतो. क्लबचे प्रशिक्षक सांगतात, की हिवाळ्यातही थांबू नका, वेग वाढवण्याचा खास कार्यक्रम लावा. दोन वर्षांत ९० मैलांचा टप्पा गाठला तर ड्राफ्टचा, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात त्या प्रक्रियेचा, मार्ग मोकळा होईल. आई-वडील दोघेही क्रिकेट पाहत वाढलेले असल्याने त्यांना बेसबॉलमधील करिअरची नीटशी कल्पना नाही. ते किती वर्षे टिकते, त्यात पैसा खरोखर मिळतो का आणि त्यासाठी कॉलेजचा विचार बाजूला ठेवावा का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी क्रीडा-फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण पुण्यात झाले. पुढचे काम मात्र अमेरिकेत, आधी एका मेजर लीग (सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल) संघाच्या मायनर लीग (तिच्या खालच्या पायऱ्यांच्या) विभागात आणि गेली काही वर्षे शाळा-कॉलेजांतील पिचरांबरोबर. त्यामुळे माझे उत्तर कोपरापासून सुरू होणार, हे आधीच सांगून ठेवतो. संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्या एखाद्या स्काउटने उत्तर दिले असते, तर ते कदाचित वेग मोजणाऱ्या रडारगनपासून सुरू झाले असते, आणि तेही चुकीचे ठरले नसते.

‘मुलगा व्यावसायिक पिचर होईल का?’ या प्रश्नाला पंधराव्या वर्षी कोणीही प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही. माझ्या मते आपल्यासमोरचा खरा प्रश्न वेगळा आहे: येत्या तीन वर्षांत घेतले जाणारे कोणते निर्णय नंतर फिरवता येणार नाहीत? एक हिवाळा विश्रांती घेतली म्हणून फुकट गेलेली संधी बहुतेक वेळा परत येते. वाढ पूर्ण न झालेल्या कोपरावर झालेली इजा मात्र पुढच्या प्रत्येक करारापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत दिसते. तसेच अठराव्या वर्षी करारावर सही केली, की कॉलेज बेसबॉलचे दार बंद होते.

अर्थात यातले बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. मुलाची उंची अजून वाढते आहे का, हे मला माहीत नाही. ८१ मैलांचा वेग त्याला सहज मिळतो की प्रत्येक चेंडूला सगळा जोर लावून, हेही माहीत नाही, आणि या दोन मुलांत फार अंतर असते. पंधराव्या वर्षी हा वेग चांगला म्हणावा असा आहे, पण थक्क व्हावे असा नाही. शाळेतून थेट ड्राफ्टच्या वरच्या फेऱ्यांत निवडले जाणारे पिचर सतरा-अठराव्या वर्षी ९३ मैलांच्या पुढे असतात. मात्र उशिरा वाढ होणारा सडपातळ मुलगा आज ८१ वर असेल, तर दाढी-मिशा आलेल्या ८५ मैलवाल्या मुलापेक्षा मला तो अधिक आशादायक वाटतो.

आता क्रिकेट पाहत वाढलेल्यांचा जो गैरसमज होतो, तो आधी दूर करतो, कारण घरातील संभ्रमाचे मूळ बहुधा तिथेच असावे. वेगवान गोलंदाज धावत येतो, हात जवळजवळ सरळ ठेवतो (नियमाने कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ होऊ द्यायचे नसते), आणि शरीराच्या वेगाचा मोठा हिस्सा चेंडूला देतो. त्याची किंमत पाठीचा खालचा भाग चुकवतो. तरुण वेगवान गोलंदाजांच्या कण्यात होणारे स्ट्रेस फ्रॅक्चर आपल्याला परिचित आहेत. पिचरला रन-अप नसतो. दहा इंच उंचीच्या माऊंडवरून (मातीच्या उंचवट्यावरून) एका पायाच्या रेट्याने तो पुढे येतो, आणि साठ फूट सहा इंचांवरच्या प्लेटकडे, म्हणजे फलंदाजाच्या जागेकडे, चेंडू फेकताना वाकलेले कोपर मागे पडते, खांदा पूर्ण बाहेरच्या बाजूला वळतो व मग क्षणार्धात उलट फिरतो. त्या क्षणी कोपराच्या आतील बाजू उघडू पाहते. तिला बांधून ठेवणारे लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडाशी जोडणारा पट्टा, एवढेसे असते. व्यावसायिक पिचरच्या कोपरावर या क्षणी येणारा पीळ सुमारे ६४ न्यूटन-मीटर मोजला गेला आहे. प्रयोगशाळेत मृतदेहाच्या कोपरातील हेच लिगामेंट त्याच्या जवळपास निम्म्या भाराला तुटते. तरीही प्रत्येक चेंडूला ते तुटत नाही, कारण मनगट व बोटे वाकवणारे पुढच्या हाताचे स्नायू त्या भाराचा मोठा वाटा उचलतात.

यातून निघणारी गोष्ट पालकांनी मनात पक्की करावी, कारण पुढचा सारा सल्ला तिच्यावर उभा आहे. स्नायू थकले की त्यांच्या वाट्याचा भार लिगामेंटवर जातो. म्हणून पिचरचा शत्रू ‘जास्त चेंडू’ एवढाच नसून ‘थकलेल्या हाताने टाकलेले चेंडू’ हा आहे. अलाबामातील बर्मिंगहॅम येथील अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ साली शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या किशोरवयीन पिचरांची तुलना दुखापत न झालेल्यांशी केली. वर्षातील आठ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धात्मक पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट आढळली, आणि हात थकलेला असतानाही नियमितपणे टाकत राहणाऱ्यांत ती छत्तीसपट आढळली. दवाखान्यात मी पालकांना हे दोनच आकडे सांगतो. अधिक सांगितले तर यांचा विसर पडतो.

इथे बहुतेक पालक टॉमी जॉन शस्त्रक्रियेचे नाव काढतात. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या कोपरात दुसऱ्या हाताच्या मनगटातील कंडरा काढून बसवली. १९७६ मध्ये परतलेले जॉन १९८९ पर्यंत खेळले, आणि त्यांच्या २८८ विजयांपैकी १६४ विजय शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. ही कामगिरी इतकी मोठी आहे, की आज काही घरांत ही शस्त्रक्रिया म्हणजे जणू सुधारणा असा समज रूढ झाला आहे. मुलगा ठणठणीत असताना ‘आताच करून घेतली तर?’ असे विचारणारे पालकही मला भेटले आहेत. तर तसे काहीही नाही. परतायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात, काही जण पूर्वीच्या पातळीवर येत नाहीत, आणि सोळाव्या वर्षी केलेल्या दुरुस्तीला पुढची सगळी कारकीर्द झेपायची असते. जेकब डीग्रॉमचे उदाहरण पाहा. कॉलेजात तो मुख्यतः शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक, होता, २०१० मध्ये नवव्या फेरीत पिचर म्हणून निवडला गेला आणि त्याच वर्षी त्याची ही शस्त्रक्रिया झाली. तो २०१४ मध्ये मेजर लीगमध्ये आला, २०१८ व २०१९ चे साय यंग (वर्षातील सर्वोत्तम पिचरचे) पुरस्कार त्याने मिळवले, आणि २०२३ मध्ये त्याला तीच शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली. या गोष्टीत मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच भाग: जगातल्या सर्वोत्तम पिचरांपैकी एक असलेल्या या माणसाने शाळेच्या वयात पिचर म्हणून फारसे चेंडू टाकलेलेच नव्हते.

आता करिअरच्या वाटेकडे येऊ. बहुतेक पालकांना ड्राफ्ट हे गंतव्य वाटते; ते फक्त प्रवेशद्वार आहे. दर जुलैमध्ये तीस संघ निवड करतात. पूर्वी चाळीस फेऱ्या असत, २०२१ पासून वीस आहेत. म्हणजे सहाशेहून थोडे अधिक खेळाडू, त्यांत निम्म्याच्या आसपास पिचर. याच सुमारास मायनर लीगची फेररचना होऊन संलग्न संघ १२० वर आले, म्हणजे प्रत्येक मुख्य संघामागे चार पायऱ्या: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. त्यांच्याही खाली फ्लोरिडा व ॲरिझोना येथील सराव-केंद्रांतल्या नवोदितांच्या लीग आहेत. वर मात्र २६ जणांच्या संघात जास्तीत जास्त तेरा पिचर ठेवता येतात. एका मुख्य संघाच्या पदरी हंगामात मायनर लीगचे १६५ पर्यंत खेळाडू असतात, आणि दर वर्षी वीस नवे येतात. नवे आले की तितकेच बाहेर जातात. हे बाहेर जाणे बहुधा मार्चच्या शेवटी, सराव-शिबिर संपताना, एका छोट्या खोलीत पाच मिनिटांत उरकते. मायनर लीगच्या करारात पुढच्या वर्षाची हमी नसते.

पैशाचे गणित मी जरा तपशिलात मांडतो, कारण वर्तमानपत्रांतून फक्त मोठे आकडे दिसतात. करारावर सही करताना मिळणारा पहिल्या फेरीतील बोनस लाखो डॉलरमध्ये असतो हे खरे. पण अकराव्या ते विसाव्या फेरीत दीड लाख डॉलरपर्यंतचा बोनस संघाला बोनससाठी ठरवून दिलेल्या निधीत धरला जात नाही, म्हणून व्यवहारात पुष्कळ करार त्या रेषेच्या आत राहतात, आणि त्यातून कर व एजंटचा वाटा जातो. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. त्यानुसार त्या वर्षीचे किमान वार्षिक वेतन सराव-केंद्रात १९,८०० डॉलर, सिंगल-एमध्ये २६,२००, डबल-एमध्ये ३०,२५० आणि ट्रिपल-एमध्ये ३५,८०० डॉलर ठरले. त्याआधी ट्रिपल-एचा आकडा १७,५०० होता. राहण्याची सोय २०२२ पासून बहुतेक खेळाडूंसाठी संघ करतात. म्हणजे हलाखी पूर्वीइतकी राहिलेली नाही, पण आपल्या मुलाच्या वर्गमित्राला पदवीनंतर मिळणाऱ्या पहिल्या पगाराशी याची तुलना करून पाहावी.

मेजर लीगमध्ये पोहोचल्यावर चित्र बदलते. २०२६ चे किमान वेतन ७,८०,००० डॉलर आहे. (सध्याचा करार डिसेंबर २०२६ मध्ये संपतो, तेव्हा पुढचे आकडे बदलतील.) मात्र इथेही एक पेच आहे, जो पिचरच्या बाबतीत विशेष बोचतो. १७२ दिवस मुख्य संघात काढले की सेवेचे एक वर्ष धरले जाते. साधारण तीन वर्षे होईपर्यंत पगार किमान वेतनाच्या आसपास राहतो, त्यानंतर लवादाचा, म्हणजे पगाराचा वाद त्रयस्थापुढे नेण्याचा, हक्क मिळतो, आणि सहा वर्षांनंतर खेळाडू मुक्त होऊन कोणत्याही संघाशी बोलू शकतो. आता हिशेब करा. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षानंतर, एकविसाव्या वर्षी निवडला गेलेला पिचर चार वर्षे मायनर लीगमध्ये काढून पंचविसाव्या वर्षी वर आला, तर अठ्ठाविसाव्या वर्षी लवाद आणि एकतिसाव्या वर्षी मुक्ती. हाताची सर्वांत ताजी वर्षे सर्वांत कमी मोलाने जातात. ही व्यवस्था अन्यायाची आहे असे माझे वैयक्तिक मत आहे, पण आपला मुलगा तिच्यातूनच जाणार आहे.

त्यातही सुरुवातीचा पिचर, म्हणजे स्टार्टर, आणि नंतर येणारा रिलीव्हर यांची आयुष्ये वेगळी असतात. शाळेत चांगले टाकणारे जवळजवळ सगळे स्टार्टर असतात. व्यावसायिक बेसबॉलमध्ये त्यांतल्या अनेकांना तिसऱ्या प्रकारचा विश्वासार्ह चेंडू नसल्याने किंवा शरीर हंगामात दीडशे इनिंग्ज (तीन फलंदाज बाद होईपर्यंतची पाळी म्हणजे पिचरची एक इनिंग) पेलत नसल्याने रिलीव्हर केले जाते. स्टार्टर पाच-सहा दिवसांतून एकदा टाकतो, त्याला आठवड्याची घडी असते. रिलीव्हरला आज टाकायचे आहे की नाही, हे सातव्या इनिंगपर्यंत माहीत नसते. ज्याचे ‘ऑप्शन’ (मायनर लीगमध्ये परत पाठवण्याची संघाची मुभा) शिल्लक आहेत अशा तरुण रिलीव्हरला संघ एका हंगामात पाच वेळा खाली पाठवू शकतो. मंगळवारी मेजर लीगच्या विमानात, शुक्रवारी ट्रिपल-एच्या बसमध्ये, असे महिनेच्या महिने जातात. तरीही एक गोष्ट सांगायला हवी: मुख्य संघात एक दिवस जरी काढला तरी आजन्म आरोग्य-विम्याची पात्रता मिळते आणि ४३ दिवसांनी पेन्शनचा हक्क सुरू होतो. त्यामुळे ट्रिपल-एमध्ये तिसाव्या वर्षी तग धरून बसलेला माणूस वेडा नसतो.

कारकीर्द किती टिकते, या प्रश्नावर सरासरी सांगून उपयोग नाही, कारण टोके फार दूर आहेत. नोलन रायन १९६६ ते १९९३ दरम्यान २७ हंगाम खेळले. जेमी मॉयर यांनी २०१२ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी सामना जिंकला, आणि तोही संथ चेंडूंच्या बळावर. पालक अनेकदा मॉयर यांचे नाव घेऊन वेगाशिवायही चालते असे म्हणतात. ते डावखुरे होते, त्यांची अचूकता विलक्षण होती, आणि त्यांना पहिली संधी १९८६ मध्ये मिळाली होती. आज त्या वेगाच्या उजव्या हाताच्या मुलाकडे स्काउट पाहतही नाहीत. दुसऱ्या टोकाला सँडी कूफॅक्स आहेत. १९६६ मध्ये २७ विजय आणि नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची १.७३ अशी सरासरी असताना, कोपराच्या संधिवातामुळे ते तिसाव्या वर्षी निवृत्त झाले.

मला स्टीफन स्ट्रासबर्गची कारकीर्द अधिक बोलकी वाटते, कारण तिच्यात काळजी घेऊनही काय होऊ शकते ते दिसते. २००९ च्या ड्राफ्टमधील पहिली निवड, २०१० मध्ये पदार्पण आणि त्याच वर्षी टॉमी जॉन शस्त्रक्रिया. २०१२ मध्ये त्याच्या वॉशिंग्टन संघाने प्लेऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) तोंडावर असतानाही १५९ इनिंग्जनंतर त्याला थांबवले, आणि त्यावर देशभर वाद झाला. २०१९ मध्ये तो वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याला सात वर्षांचा, २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला. त्या करारानंतर तो फक्त आठ सामने टाकू शकला. खांद्याजवळच्या नसा-रक्तवाहिन्यांवर येणाऱ्या दाबाच्या विकाराने त्याची कारकीर्द संपली. संघाने थांबवले ते चूक होते का? माझ्या मते नाही. त्यामुळेच २०१९ पर्यंत मजल गेली असावी. पण खात्रीने कोणीच सांगू शकत नाही, आणि काळजी घेणे म्हणजे हमी मिळणे नव्हे, हे पालकांना पचवावे लागते.

वाट वाकडी असली तरी ती संपत नाही, याचे उदाहरण मेरिल केली. २०१० मध्ये टँपा बे संघाने आठव्या फेरीत निवडलेला हा पिचर ट्रिपल-एच्या वर गेला नाही, म्हणून तो दक्षिण कोरियात गेला, तिथे २०१५ ते २०१८ असे चार हंगाम खेळला, आणि तिसाव्या वर्षी ॲरिझोनाकडून मेजर लीगमध्ये आला. २०२३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने सामना जिंकून दिला. जपान, कोरिया, मेक्सिको आणि अमेरिकेतील स्वतंत्र लीग या वाटा उपलब्ध आहेत, पण त्यांचा विचार आज करण्याची गरज नाही.

भारतीय नावांची चौकशी घरात होतच असेल, म्हणून दोन गोष्टी. एका स्पर्धेतून निवडले गेलेले उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू २००८ मध्ये पिट्सबर्ग संघाने करारबद्ध केले. पटेल २०१० मध्ये परतले. सिंग मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर अनेक वर्षे टिकले, दुखापतींत हंगाम गेले, आणि पुढे ते कुस्तीच्या मनोरंजन क्षेत्रात गेले. हात होता, पण लहानपणापासूनचा खेळ नव्हता. कुमार रॉकरची गोष्ट आपल्या मुलाच्या परिस्थितीला अधिक जवळची आहे. त्याची आई भारतीय वंशाची. शाळेनंतर थेट व्यावसायिक न होता तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला आणि २०१९ मध्ये पहिल्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाविरुद्ध १९ फलंदाज बाद करत त्याने नो-हिटर टाकली, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना पूर्ण सामन्यात एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले, पण वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. त्याने एका स्वतंत्र लीगमध्ये खेळून दाखवले आणि २०२२ मध्ये टेक्सासने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. २०२३ मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने पदार्पण केले. करारापूर्वी डॉक्टर कोपर-खांद्याचे चित्र किती बारकाईने पाहतात, याची कल्पना यावी म्हणून हे सांगितले.

यावरून कॉलेजच्या प्रश्नाकडे येतो. माझा कल स्पष्टपणे कॉलेजकडे आहे. शाळेतून निवड झाली आणि बोनस इतका मोठा असला, की बेसबॉल संपल्यावरही शिक्षण आणि घर दोन्ही होईल, तर सही करण्यात शहाणपण आहे, आणि त्या वेळी करारात पुढील शिक्षणाच्या खर्चाची तरतूद लिहून घ्यावी. अन्यथा चार वर्षांच्या कॉलेजात जावे. नियम असा, की तिथे प्रवेश घेतल्यावर तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावे वर्ष लागेपर्यंत ड्राफ्ट होत नाही. त्या तीन वर्षांत शरीर पक्के होते, पदवीचा बराचसा भाग हातात येतो, आणि चुकीच्या वयात घरापासून दूर बसमध्ये राहण्याची वेळ येत नाही. मात्र दोन सावधगिरीच्या सूचना. २०२५-२६ पासून डिव्हिजन-१ (कॉलेज खेळांची सर्वांत वरची श्रेणी) मधील बऱ्याच संघांवर ३४ खेळाडूंची मर्यादा आली आहे, आणि दुसऱ्या कॉलेजातून बदली करून येणारे प्रौढ खेळाडू प्रशिक्षकांना सोयीचे वाटतात. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी जागा आटल्या आहेत. तेव्हा नाव मोठे असलेल्या कॉलेजापेक्षा खेळायला मिळेल असे कॉलेज बघा. दुसरे, भेटीच्या वेळी प्रशिक्षकांना सरळ विचारा, की गेल्या चार वर्षांत तुमच्या किती पिचरांची कोपर-शस्त्रक्रिया झाली. उत्तर देताना ते अस्वस्थ झाले, तर ते लक्षात ठेवा.

आता आपल्या हातात असलेला निर्णय, म्हणजे हा हिवाळा. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल ही राष्ट्रीय संघटना यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ ही मार्गदर्शक तत्त्वे आणली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू, ७६ वा त्याहून अधिक टाकल्यास चार दिवस विश्रांती, बारा महिन्यांत एकूण शंभर इनिंग्जच्या आत, आणि वर्षातून चार महिने पिचिंग बंद. त्यांतले सलग दोन ते तीन महिने खांद्यावरून कोणतीही फेक नाही. ही तत्त्वे कागदावर सर्वांना मान्य असतात. ती मोडतात ती अशा ठिकाणी, जिथे शाळेचे प्रशिक्षक, क्लबचे प्रशिक्षक आणि शनिवार-रविवारचा शोकेस (स्काउटांपुढे खेळून दाखवण्याचे सामने) भरवणारे एकमेकांचे आकडे पाहत नाहीत. प्रत्येक जण आपल्यापुरता नियम पाळतो आणि मुलगा आठवड्यात दीडशे चेंडू टाकून मोकळा होतो. म्हणून हिशेब घरात ठेवावा, वहीत, तारखेसह, सरावातील चेंडूंसकट. त्याच आठवड्यात तो कॅचर (पिचरचे चेंडू झेलणारा) म्हणूनही उभा राहत असेल, तर ते थांबवावे. न्यू जर्सीसारख्या थंड प्रदेशातील मुलांना पूर्वी बर्फच सक्तीची रजा देत असे; बंदिस्त सराव-जाळ्यांनी ती रजा हिरावली आहे.

प्रशिक्षकांचे म्हणणे मात्र मी सरसकट खोडून काढणार नाही. मेजर लीगमधील फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ झाला. वेग नसलेल्या उजव्या हाताच्या मुलाला आज कोणी बोलावत नाही, हे त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने प्रसिद्ध केलेल्या अहवालात दुखापती वाढण्यामागे हाच वेगाचा हव्यास आणि प्रत्येक चेंडूला पूर्ण ताकद लावण्याची पद्धत सांगितली आहे, हेही तितकेच खरे. प्रवेशाचे तिकीट आणि धोका एकाच गोष्टीत आहेत, आणि त्यातून पूर्ण सुटका नाही. प्रश्न वेग कधी आणि कशातून मिळवायचा, एवढाच उरतो.

वेग वाढवण्यासाठी नेहमीपेक्षा जड चेंडू फेकण्याच्या कार्यक्रमाविषयी २०१८ मध्ये मायकेल रीनोल्ड आणि सहकाऱ्यांनी शाळकरी पिचरांवर सहा आठवड्यांचा अभ्यास केला. वेग सरासरी तीन टक्क्यांहून थोडा अधिक वाढला, आणि त्या गटातील जवळजवळ एक-चतुर्थांश मुलांना दुखापत झाली. तुलनेच्या गटात कोणालाही झाली नाही. कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील, वाढ पूर्ण झालेल्या पिचरला देखरेखीखाली असा कार्यक्रम द्यायला माझी हरकत नसते. पंधराव्या वर्षी मी तो देत नाही. या वयात पाय, कंबर आणि पाठीची ताकद, झोप आणि वजन यांतूनच पुष्कळ मैल मिळतात, आणि त्यांची किंमत कोपराला मोजावी लागत नाही. घर शाकाहारी असेल तर जेवणाकडे मुद्दाम लक्ष द्यावे. वरण-भात-भाजीच्या ताटात या वयाच्या खेळाडूला पुरेसे प्रथिन पडत नाही, तेव्हा दूध, दही, पनीर, उसळी यांचे प्रमाण खरोखर मोजून वाढवावे, आणि चालत असतील तर अंडीही द्यावीत.

कार्यक्रमाबाबत प्रशिक्षकांना होकार-नकार देण्याआधी एक काम करावे. कोपराच्या आतील बाजूच्या हाडावरची वाढीची पट्टी मुलांमध्ये साधारण पंधरा ते सतराच्या दरम्यान बंद होते. ती उघडी असेपर्यंत लिगामेंटआधी तीच खेचली जाते, आणि त्या दुखण्याला घरात ‘हात भरून आला आहे’ असे म्हणून सोडून दिले जाते. सामन्यानंतर दंडाच्या किंवा खांद्याच्या मागच्या स्नायूंत जाणवणारा ठणका दोन दिवसांत जातो, त्याची चिंता नको. पण कोपराच्या आतल्या उंचवट्यावर बोटाने दाबल्यावर दुखत असेल, किंवा दुसऱ्या दिवशी कोपर पूर्ण सरळ होत नसेल, तर फेकणे त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जावे आणि तुलनेसाठी दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढण्यास सांगावे. दुखत नसेल तरीही, येत्या भेटीत त्याची उंची गेल्या वर्षभरात किती वाढली ते डॉक्टरांना सांगून वाढ किती शिल्लक आहे याचा अंदाज घ्यावा. तो अंदाज आणि वहीतले गेल्या हंगामाचे चेंडू कळवलेत, तर वसंतात फेकायला केव्हा आणि किती अंतरावरून सुरुवात करावी, हे मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.